आठवड्याला दोन गुणांनी बरे

आमच्या ह्यांच्या डिप्रेशनवरचा इलाज सात आठवडे अतिशय उत्तम चालला होता. अडचण एवढीच, की तो इलाज मी घेत होते आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आधी माझ्याविषयी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मूर्खपणाचं वाटलं तरी निदान समजेल. मी दाखले देणाऱ्या कचेरीत खिडकी क्रमांक चारवर बसते. सव्वीस वर्षं बसते आहे. डोक्यावर पाटी आहे: 'अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही.' पाटी कडक आहे, मी नाही. दोन तास रांगेत उभा राहिलेला माणूस खिडकीशी आला आणि त्याचा एखादा रकाना राहिला असेल, तर मी त्याला परत पाठवत नाही. 'इथे काय लिहू?' असं विचारून स्वतःच भरून टाकते. पुढे पुढे विचारायचंही राहून जातं, कारण माणसाकडे पाहिलं की कळतं. रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. साहेब ह्याला कार्यक्षमता म्हणतात.

हे वजनमापे निरीक्षक. दुकानांतले, गोदामांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर सील मारायचं, नसले तर खटला. तीस वर्षांत ह्यांनी एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही. तत्त्व वगैरे नाही. चहा पिताना माणूस काट्याकडे बघत नाही, एवढंच ह्यांचं म्हणणं. असा माणूस गेल्या वर्षी हळूहळू बंद पडत गेला. आधी पेपर सुटला, मग दाढी, मग बोलणं. मग रजा टाकली, आणि रजेची रजा वाढत गेली. कारण काही नव्हतं. कारण असतं तर मी ते निस्तरलं असतं.

वन्संना मात्र कारण माहीत होतं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. "वहिनी, तुम्ही लाडावून ठेवलंय दादाला," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे आडवं पडायला कुणाला वेळच नाही, म्हणून हे असलं काही होत नाही."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी घरबसल्या ऑनलाइन करायचा एक उपचार सांगितला. त्याला चार महिन्यांची यादी होती. नंबर लागला तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं. दहा आठवडे, दर सोमवारी एक धडा. विचार, भावना आणि वागणं एकमेकांना कसे खाली ओढतात आणि त्यातलं एक टोक धरून वर कसं यायचं, असं सगळं. धड्याखाली गृहपाठ: प्रसंग, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. शिवाय आठवड्यात केलेल्या छोट्या छोट्या कामांची नोंद. सर्वांत शेवटी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी जास्त तितका माणूस खाली. त्या बेरजेचा आलेख निघायचा. आणि हे सगळं वाचून दर गुरुवारी उत्तर लिहायला एक शिकलेली मुलगी. ॲपमध्ये तिला 'तुमची सोबती' म्हणायचे.

नियम एकच होता. सलग दोन आठवडे गृहपाठ आला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ ह्यांनी केला. बेरीज एकोणीस. दुसऱ्या आठवड्यात केला नाही. तिसऱ्या आठवड्यात ॲपनं आठवण केली, की उद्या सकाळी दहापर्यंत काही आलं नाही तर आम्हाला वाईट वाटेल.

"अहो, गृहपाठ?"

"बघतो."

"उद्या दहापर्यंतच आहे."

"बघतो म्हटलं ना."

हे भिंतीकडे बघत होते. सकाळी पावणेदहाला मी ह्यांचा टॅब घेतला.

खोटं लिहायचं म्हणजे सुचायला हवं. मला सुचेना, म्हणून मी आपलं खरंच लिहिलं. प्रसंग: सकाळी उठलो. विचार: आज पुन्हा सगळं मलाच ओढायचं आहे. 'उठले'चं 'उठलो' केलं, बाकी काही बदलावं लागलं नाही. गुरुवारी सोबतीचं उत्तर आलं: 'सगळं म्हणजे नेमकं काय काय? यादी करून बघाल का?' मी यादी केली. तेवीस कामं निघाली. 'ह्यातली कुठली सोडली तर आभाळ कोसळणार नाही?' तिनं पुढच्या गुरुवारी विचारलं. मी चादरींना इस्त्री करणं सोडलं. आभाळ होतं तिथेच राहिलं. महिन्याभरात माझी झोप सुधारली. उपचार चांगला होता, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती.

पहिल्यांदा मी बेरीज सतरा केली. एकदम खाली आणली तर संशय येईल, आणि तशीच ठेवली तर 'सुधारणा नाही' म्हणून कुठे भलतीकडे पाठवतील, म्हणून दोनच गुण कमी. सोबतीनं लिहिलं, 'अभिनंदन!' आमच्या घरात वर्षभर कुणी कुणाचं अभिनंदन केलं नव्हतं. मला त्याची चटक लागली. सतरा, पंधरा, तेरा, अकरा. रेघ अशी उतरत गेली की बघत राहावं.

नववा प्रश्न होता: आपण मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती दिवस आले? त्यापुढे मी सातही वेळा 'कधीच नाही' वर खूण केली. दुसरं काही उत्तर दिलं तर त्याच दिवशी फोन येतो, असं खाली लिहिलेलं होतं. आणि विचारायचं कशाला? माणसाकडे पाहिलं की कळतं.

आठव्या आठवड्यात चमत्कार झाला. हे उठले आणि कपाट आवरायला बसले. विम्याची, घराची, बँकेची सगळी कागदपत्रं एका फाइलीत लावली. वर चिठ्ठ्या चिकटवल्या, माझ्या वाचण्याजोग्या मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी वन्संकडे जाऊन त्यांचा गळका नळ दुरुस्त करून आले. "आता बरीच वर्षं बघायला नको," असं त्यांना सांगितलं म्हणे. वन्सं फोनवर म्हणाल्या, "बघा. मी म्हणत नव्हते? हातपाय हलवले की होतं सगळं." मी पहिल्यांदाच ह्यांचं खरं काम नोंदीत लिहिलं: 'कपाट आवरलं.' सोबतीनं तीन तारे पाठवले. 'ही फार मोठी पायरी आहे,' असं लिहिलं.

नवव्या आठवड्यात बेरीज पाच झाली. त्या गुरुवारी निरोप आला: 'तुम्ही खूप लांबचा पल्ला गाठलात. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आपण एकमेकांना व्हिडिओवर भेटू आणि तुमची फाइल आनंदानं बंद करू.'

एकमेकांना भेटू म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. आठवडाभर मी एकच विचार करत होते: टॅबचा कॅमेरा बिघडला असं सांगावं, की ह्यांचा घसा?

तो गुरुवार उजाडला. मी खिडकीवर होते. सव्वाबाराला रांगेतून एक ओळखीचा चेहरा पुढे आला. ह्यांच्या हाताखालचा निरीक्षक, पस्तिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. राहण्याचा दाखला हवा होता. अर्ज बिनचूक भरलेला.

"वहिनी, सरांना परत एकदा थँक्यू सांगा हं. पेटीबद्दल."

"कसली पेटी?"

"वजनांची. मंगळवारी सरांनी बोलावून दिली. तुम्ही ऑफिसात होतात."

ती पेटी म्हणजे लाकडात मखमल बसवून, प्रत्येक वजनासाठी खळगा केलेली. त्यात पितळेची एकवीस वजनं. ह्यांना ती ह्यांच्या उस्तादांनी दिली होती. वजन बोटांनी उचलायचं नाही, चिमट्यानं. बोटाचं तेल लागलं तरी फरक पडतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ती फडक्यानं पुसली, तर हे दोन दिवस बोलले नव्हते.

"दिली म्हणजे, वापरायला?"

"नाही, कायमची. मी नकोच म्हणत होतो. पण सर म्हणाले, हिला त्यातलं काही कळत नाही, नंतर भंगारात जाईल."

"नंतर म्हणजे कधी?"

तो जरा गोंधळला. "ते मी विचारलं नाही, वहिनी. मला वाटलं, बदली-बिदली असेल."

मी त्याच्या अर्जावर मारायला शिक्का उचलला, तो हातातच राहिला. कपाट. फाइल. नळ. पेटी. सव्वीस वर्षं अर्ज बघते आहे. चार रकाने भरलेले असले की पाचव्यात काय येणार, हे मला विचारावं लागत नाही. आणि त्यातल्या एका रकान्याला मी तीन तारे मिळवले होते.

घरी ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

मग वन्संना लावला. "वन्सं, आत्ताच्या आत्ता आमच्याकडे जा. ह्यांच्याजवळ बसा. मी येते आहे. कारण विचारू नका."

वन्सं कारण न विचारता काही करतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "निघाले," म्हणाल्या आणि फोन बंद.

मी पर्स घेऊन उठले. रांगेतून आवाज आला, "अहो बाई, जेवणाची सुट्टी एक वाजता असते!"

"आज आत्ता आहे."

टॅक्सीत बसल्यावर ॲप उघडलं. माझ्या फोनवरही ते होतंच. डबा खाताखाता मी ह्यांचा गृहपाठ करायचे. कोपऱ्यात एक लाल बटण होतं, 'तातडीची मदत'. सात आठवडे मी ते बघत होते आणि हे आपल्यासाठी नाही असं समजत होते. दाबलं. खाली लिहिलं: 'उत्तरं मी लिहिली आहेत. ह्यांनी नाही. ह्यांनी वस्तू वाटायला सुरुवात केली आहे.'

चार मिनिटांत फोन आला. तरुण आवाज, सर्दी झालेला. "मी सोबती बोलतेय. आपण कोण?"

"पत्नी. तुम्ही ओळखता मला. सात आठवडे माझ्याशीच बोलताय."

"ती तेवीस कामं?"

"माझी."

"आणि कपाट?"

"ते ह्यांचं."

मला वाटलं आता झापेल. मला ते हवंच होतं. पण ती म्हणाली, "बरं. ते नंतर बघू. आत्ता ते कुठे आहेत?"

"घरी. बहुतेक. फोन उचलत नाहीत. नणंद गेली आहे."

"नणंदेला लावून बघितलंत?"

लावला. वन्संच्या घरी वन्संच्या सुनेनं उचलला. आई फोन इथेच विसरून पळाल्या, काय झालंय, असं तीच मला विचारायला लागली. सिग्नलला टॅक्सी थांबली. समोरच्या खांबावरचे आकडे नव्वदपासून उलटे मोजत होते. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

सोबतीला परत जोडलं. ती सांगत होती, "घरी पोचलात की त्यांना सरळ विचारा. नववा प्रश्न. शब्द गुळमुळीत करू नका."

"विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरलं तर?"

"नाही भरत. आम्हाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर काहीही आलं तरी वाद घालायचा नाही, आणि एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांना मी आत्ताच कळवते. नणंदबाई आत पोचल्या नसतील, दार उघडत नसेल, तर लगेच सांगा, मी इथून मदत पाठवते. फोन कट करू नका."

जिना मी कसा चढले ते आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्यापाशी चपलांचा जोड होता: एक वन्संची, एक त्यांच्या नवऱ्याची.

आत हे खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. समोर वन्सं, धापा टाकत, आपल्या गुडघ्याची हकिकत सांगत होत्या. "आणि मग तो हाडांचा डॉक्टर म्हणतो, जिने चढू नका. आता बोला!" मला बघताच त्या थांबल्या. ह्यांचा फोन टेबलाच्या खणात होता, बंद नव्हता, नुसता आवाज काढून ठेवलेला.

पर्स खांद्यावरच होती.

"आज लवकर?" हे म्हणाले.

"हो."

"चहा ठेवू का, वहिनी?" वन्सं म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

मला तो प्रश्न पाठ होता. सात वेळा मी त्याचं उत्तर दिलं होतं. तरी तोंडातून निघेना. शेवटी खिडकीवर विचारते तसाच विचारला, आवाजात चढउतार न करता. "गेल्या दोन आठवड्यांत, आपण मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार तुमच्या मनात किती दिवस आले?"

वन्संनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"पर्याय काय आहेत?"

"कधीच नाही. काही दिवस. निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती पी-पी वाजत राहिली. थांबली.

"शेवटचा," हे म्हणाले.

मी खाली बसले. ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वन्संनी नाक ओढलं.

"पेटीवरून कळलं ना तुला?" हे म्हणाले. "तो बोलला वाटतं."

"आभार मानायला आला होता."

"सज्जन आहे." ह्यांनी शर्टाची बाही सारखी केली. "मी आधी थांबणार होतो. औषधपाणी पुरं होऊ दे म्हटलं, बघू. मग मागच्या गुरुवारी तो मेसेज वाचला. लांबचा पल्ला गाठलात. फाइल बंद." ह्यांचा आवाज सपाट होता. "म्हटलं, मशीन म्हणतंय बरा झालो. म्हणजे हे दुखणं नव्हेच. हा मीच. आता ह्यापुढे हे असंच."

"पण अहो, तुम्ही तर पुढे काही भरलंच नव्हतंत..."

"मला वाटलं, त्यांना न भरताही कळत असेल. हल्ली सगळंच कळतं म्हणतात मशिनीला. आणि मी तीस वर्षं हेच केलंय ना. काट्याला सील असेल तर माणसाचं ऐकायचं नाही."

माझ्या हातात फोन होता. त्यात सोबती होती, श्वास घेताना ऐकू येत होती. मी टॅब आणला, आलेख उघडला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला. आयुष्यात इतकी भीती मला कशाचीच वाटली नव्हती. येताना टॅक्सीतसुद्धा नाही. तिथे निदान मी काही करत होते. इथे मी केलेलं समोर होतं.

ह्यांनी चष्मा लावला. रेघ पाहिली. बोटानं सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेले. परत मागे आले. बोटाचं तेल काचेला लागत होतं, त्याची फिकीर केली नाही.

"एकोणीस माझे," हे म्हणाले. "पुढे सतरा. पंधरा. तेरा." बोट थांबलं. "दर वेळी बरोब्बर दोन?"

मी आलेखाकडे बघत राहिले.

"खरा काटा असा चालत नाही. थरथरतो, वर जातो, खाली येतो, मग कुठे थांबतो. ह्यात कुणीतरी फेरफार केलाय." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणी केलं हे?"

"मी." आणि मग सगळं सांगितलं. 'बघतो', पावणेदहा, तेवीस कामं, इस्त्री, अभिनंदन, तीन तारे. सांगताना मी कुठलाही रकाना सोडला नाही. वन्सं एकदा "वहिनी!" म्हणाल्या आणि मग कपाळावर हात मारून घेतला, पण स्वतःच्या.

माझा हात परत ह्यांच्या गुडघ्यावर गेला होता. तो काढावा की ठेवावा, कळेना.

"म्हणजे मी बरा झालो नाही," हे सावकाश म्हणाले.

"नाही."

"मला काही दिलंच नाही अजून. औषध लागू पडलं नाही, असं नाही. दिलंच नाही."

"मीच खाल्लं सगळं," मी म्हणाले आणि रडले.

"खोटे आकडे लिहिणारा दुकानदारसुद्धा," हे टॅबकडे बघत म्हणाले, "एखाद्या दिवशी आकडा वरखाली ठेवतो गं. दिसायला खरं दिसतं." ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्याला हसू म्हणणार नाही. वाढवून लिहायची सवय मला सोडायची आहे.

फोनमधून सोबतीनं विचारलं, त्यांच्याशी बोलू का. हे बोलले. 'हो', 'नाही', 'आज सकाळी', 'नाही, आत्ता नाही' एवढंच मला ऐकू आलं. मग टॅब पुढे ओढून नऊ प्रश्न ह्यांनी स्वतः भरले. प्रत्येकाला एकेक मिनिट. मी आणि वन्सं भिंतीला टेकून परीक्षेतल्या पालकांसारख्या उभ्या होतो. बेरीज चोवीस आली. पाचवरून चोवीस. रेघ सरळ वर गेली, भिंतीसारखी, आणि आलेखाचा तो तुकडा लाल झाला.

"आलं मला," सोबती म्हणाली. "फाइल उघडीच राहील. डॉक्टर साडेतीनला थांबताहेत. आज आपण भेटायचं ते पाच वाजता नाही, तिथेच. मी व्हिडिओवर असेन."

इतका वाईट आकडा बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही तिघं निघालो. वन्सं वेगवेगळ्या चपला घालून, लंगडत, पण ह्यांच्या दंडाला धरून. "दादा, गुडघा माझा दुखतोय म्हणून धरलंय हं," त्यांनी जिन्यात सांगून टाकलं.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईनं अर्ज दिला. दोन पानी. माझा हात पुढे गेला. तो मी पर्सच्या पट्ट्यात अडकवून ठेवला. हे कोपऱ्यातल्या बाकावर बसून लिहू लागले. नाव लिहायलाच इतका वेळ लागला की मागचे दोघं पुढे गेले. एकदा पेन थांबलं, ते पाच मिनिटं हललं नाही. वन्सं मला म्हणाल्या, "सांगा ना काय लिहायचं ते." मी म्हणाले, "मला माहीत नाही." सव्वीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होते.

शेवटी हे उठले आणि अर्ज काउंटरवर ठेवला. बाईनं पान उलटलं. "हा एक राहिलाय. 'उपचारांकडून तुमच्या अपेक्षा.'"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"असू दे रिकामा," मी बाईंना म्हणाले. "अपूर्णच घ्या."